डावऱ्या हाताची गाठ

एका मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं की नोकरीतले अनुभव लिहून आठ दिवसांत पाठवावेत. पत्र आधी अमरावतीला गेलं, तिथं कोणाच्या तरी खिशात दोन दिवस झोपलं, आणि वलगावात माझ्या हाती पडलं तेव्हा आठातले पाच दिवस सरले होते. मला हसू फुटलं. सून आतून डोकावली, म्हातारा भ्रमला की काय म्हणून. पण ज्यानं उभी हयात असल्याच पत्रांना जाब देण्यात घालवली, त्याला हसू नाही तर काय येणार? संपादक पुण्याचे असले म्हणून काय झालं, कचेरीचं रक्त सगळीकडे सारखंच.

मी अमरावतीत गोपाळशेटांच्या पेढीवर मुनीम होतो. मुनीम म्हटलं की लोकांना आकडेमोड करणारा, कानावर लेखणी खोचलेला माणूस दिसतो. आकडेमोड तर कोणीही करतं. माझं खरं काम निराळं होतं. कचेरीतून हुकूम यायचा, अमुक माहिती अमुक दिवसांत हजर करा, आणि ती हजर करणं माझ्याकडे होतं. हे काम आधी पेढीवर नव्हतंच. कापसानं आणलं.

तिकडे अमेरिकेत भाऊ भाऊ आपसांत लढायला लागले आणि त्यांचा कापूस अडला. इकडे वऱ्हाडात ज्याला अमेरिका खायची असते की नेसायची हेही ठाऊक नव्हतं, त्याच्या अंगणात चांदी येऊन पडायला लागली. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या म्हणे. मी पाहिलेल्या पितळेच्या होत्या, पण सांगणारा सांगताना चांदीच्याच सांगायचा. जिथं चांदी, तिथं सरकारचं लक्ष. साहेबलोकांना वऱ्हाडच्या भरभराटीचा रिपोर्ट वर पाठवायचा होता, आणि भरभराट कुठं, कोणाकडे आणि किती, हे आम्ही सांगायचं होतं. तेही उद्यापर्यंत.

पहिला हुकूम मला अजून आठवतो. त्यासोबत एक छापील तक्ता होता. पेढीची लांबी किती, रुंदी किती, धुराडं किती उंच, आणि गेल्या वर्षात चाकात सापडून जखमी झालेले इसम किती. तक्ता रुईचे गठ्ठे दाबायच्या कारखान्यांसाठी होता हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी कचेरीत जाऊन तसं सांगितलं. तिथला कारकून म्हणाला, "तक्ता तुमच्या नावानं निघाला आहे, तुम्हीच भरा." मग मी दोरी घेऊन पेढी मोजली. धुराडं नाही असं लिहिलं. जखमींच्या रकान्यात "एक" लिहिलं, कारण त्या वर्षी गोपाळशेटांचं बोट तिजोरीच्या कुलपात चेंगरलं होतं. महिन्याभरानं उलट विचारणा आली की जखमी इसमास कामावरून काढलं काय. शेटजींनी ते वाचून बोट उपरण्यात दडवलं.

असले हुकूम बहुधा उर्दूत यायचे. ते वाचायला आमच्याकडे रहीमबक्ष मुन्शी होते. पेढीसमोरच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहायचे. दाढी मेंदीची, नजर तिरपी, आणि कचेरीची नस न नस ठाऊक. पाच वेळा मी तंतोतंत माहिती दिली आणि पाचही वेळा ती "अपूर्ण" म्हणून परत आली, तेव्हा त्यांनी मला गुरुमंत्र दिला होता. "मुनीमजी, साहब पहली सतर पढ़ते हैं. बाक़ी का वज़न देखते हैं." म्हणजे पहिली ओळ भरघोस हवी आणि कागद जड हवा. पुढं मी तसंच करायला लागलो, आणि एकही जाब परत आला नाही. मला या विद्येचा फार गर्व होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्या गर्वानंच झालं.

आता आमच्या पेढीची एक चाल सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे लोक गाठोडी ठेवायचे. शेतकरी, विणकर, बाया, कोणीही. फडक्यात आपली चीजवस्तू बांधायची, स्वतःच्या हातानं गाठ मारायची आणि आमच्या आतल्या खोलीत आणून ठेवायची. आत काय आहे ते सांगायचं नाही, आम्ही विचारायचं नाही. लिहिता-वाचता कोणालाच येत नव्हतं, त्यामुळे सही ना शिक्का. ज्याची गाठ त्याचं गाठोडं. गाठ ही हस्ताक्षरासारखीच असते, दोन माणसांची एक नसते. मला नुसत्या गाठीवरून गाव ओळखता यायचं. वलगावचे लोक बंडीचा दोर आवळतात तशी मारायचे, विणकर बारीक आणि दुहेरी. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे यायचे, आपापली गाठ चहूबाजूंनी पाहायचे, "बरोबर हाये" म्हणायचे आणि गाठोडं पुन्हा आत ठेवून घरी जायचे. उघडायचे नाहीत. गाठ शाबूत तर आतलं शाबूत, एवढा सोपा हिशेब.

त्यात एक गाठोडं गिरजाबाईचं होतं. ती नांदगाव खंडेश्वरची. पस्तिशीची, उंच, आवाज पुरुषी. तापानं नवरा गेला आणि नाल्याकाठचं काळं कसदार वावर तिच्याकडे राहिलं. पुंजाजी नावाच्या दिराचा त्या वावरावर डोळा होता. नवऱ्याचं वर्षश्राद्ध झालं तशी ही बाई बंडीत बसून पेढीवर आली, मांडीवर गाठोडं घेऊन. बंडी हाकायला खुद्द पुंजाजी. गाठोडं त्यानंच उचलून ओट्यावर ठेवलं, आणि ठेवताना त्याच्या तोंडून "हूं" असा आवाज निघाला. त्या एका "हूं"नं गिरजाबाईचं नांदगावातलं आयुष्य बदललं. पुंजाजी तिला "वैनी, वैनी" करायला लागला. मजूर वेळेवर यायला लागले, दुकानदार बी-बियाणं हातावर द्यायला लागला. गावात बोलबाला झाला की अमरावतीला गाठोडं आहे तिचं.

ती मला एकदा सरळच म्हणाली होती, "मुनीमजी, हे गाठोडं हाये म्हणून माहं वावर हाये. नाही त दिरानं मले कवाच हिवरखेडले धाडलं असतं, भावाच्या दारी भाकर मांगाले."

मी म्हणालो, "इथं कोणाची माय व्यालीय हात लावायला!" तेव्हा माझं वय पंचवीस होतं. त्या वयात माणूस दुसऱ्याच्या जिवावर फार मोठं बोलतो.

त्या वर्षी फाल्गुनात, पाडवा दहा-बारा दिवसांवर असताना, हुकूम आला. या खेपेला अकोल्याहून. मुन्शींनी वाचला, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली गेला. पेढीवर ज्यांची ज्यांची ठेव आहे त्यांची नावं, गावं आणि ठेवलेल्या जिनसांचं वर्णन पाच दिवसांत अकोल्यास पोचवावं. निवडक ठेवी साहेब स्वतः येऊन तपासतील. जाब अपुरा आल्यास पेढीस कुलूप.

"पाच दिवस?" शेटजी म्हणाले. "तारीख पाहा बरं."

हुकूम निघून दोन दिवस झाले होते, आज तिसरा. अकोल्याला दमणीनं, म्हणजे हलक्या बैलगाडीनं, बैल बदलत गेलं तरी दीड दिवस लागायचा. हाती उरला तो एक दिवस.

गोपाळशेट मोठे शांत गृहस्थ. टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "अंबादास, नावं लिव, गावं लिव. जिनसेच्या जागी लिव, बंद गाठोडं, गाठ शाबूत. जे आपल्याले ठावं नाही ते आपुन काहून सांगाव?"

"परत येईल जी. आणि कुलूप लावतो म्हणतात."

"लागू दे कुलूप. गाठीले हात लावू नको." एवढं बोलून ते बडनेऱ्याला कापसाच्या सौद्यासाठी निघून गेले.

मी यादी करायला बसलो. पानामागून पान, बंद गाठोडं, बंद गाठोडं, बंद गाठोडं. स्वतःचंच अक्षर पाहून मला चीड आली. पाच-पाच वेळा "अपूर्ण" खाल्लेला माणूस मी. साहेब पहिली ओळ वाचतात. पहिली ओळ तेवढी भरघोस असती तर! एकच गाठोडं, एकच वर्णन, बाकीचं वजन. पेढी वाचते, मालकाचं नाव राहतं, आणि कोणाचं काही जात नाही. गाठ तर मी कोणाचीही मारू शकतो, गाव सांगू शकतो मी गाठीवरून. असा सगळा विचार मी स्वतःला फार समजूतदारपणे समजावला.

कोणतं उघडायचं हेही हुशारीनं ठरवलं. सगळ्यात वजनदार गिरजाबाईचं, पहिल्या ओळीला साजेसं. शिवाय तिची गाठ अगदी साधी दिसत होती. भर दुपारी आतल्या खोलीची कडी लावली, गाठ नीट निरखली आणि सोडली.

आत गोटे होते.

नाल्यातले गोल, गुळगुळीत, पांढुरके गोटे. खुळखुळू नयेत म्हणून प्रत्येक गोटा कापसात गुंडाळलेला. त्या दिवसांत कापसाचा भाव असा होता की त्या गाठोड्यात किमतीचं काही असेल तर ते वेष्टणच. मी एक गोटा हातात घेऊन किती वेळ बसलो कोण जाणे. मग हळूहळू उलगडलं. तिच्या नवऱ्याला कापसाच्या तेजीमंदीच्या सट्ट्याचा नाद होता हे कानावर आलं होतं, तेव्हा मी मनावर घेतलं नव्हतं. तो सगळं घालवून मेला होता. आणि ही बाई गावात तोंड न उघडता नाल्यावर गेली, वजन पाहून पाहून गोटे निवडले, आणि दिराच्याच हातानं ते आमच्या ओट्यावर चढवले. तिचं वावर या गोट्यांवर उभं होतं आणि ते आता मला ठाऊक झालं होतं.

खरं लिहिलं असतं तर बाई त्याच दिवशी संपली असती. कचेरीतली बातमी नांदगावला पोचायला काय वेळ! आणि बंद गाठोडं लिहिलं असतं तर हे सगळं केलं कशासाठी? मी लेखणी उचलली आणि लिहिलं: गिरजाबाई, मौजे नांदगाव खंडेश्वर. चांदीचे गोठ, चांदीच्या बांगड्या, सरी, तोडे, कंबरपट्टा नक्षीदार. चांगला पट्टा काढला मी. त्या सबंध यादीत एवढी एकच ओळ तपशीलवार होती आणि तेवढीच खोटी होती. वर मनात म्हणालो, बाईवर उपकारच केला.

गाठ पुन्हा मारली. हुबेहूब वाटली. कागदांचा गठ्ठा पांढऱ्या फडक्यात बांधला, त्यावर माझी वलगावची गाठ मारली आणि दमणी जोडून स्वतः अकोल्याला निघालो. वाटेत बैलांच्या घुंगरांच्या तालावर डोळा लागत होता, तेवढ्यात एकदम लक्षात आलं. निवडक ठेवी साहेब स्वतः तपासतील. निवडतील कोणती? जिचं वर्णन आहे तीच! बंद गाठोड्यांच्या त्या लांबलचक यादीत एका कंबरपट्ट्याला मीच दिवा लावून ठेवला होता. दमणी परत फिरवावी असं फार वाटलं. पण पाचवा दिवस उगवत होता, आणि मुदत चुकवायची नाही हा माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा अभिमान. मी परत फिरलो नाही. या लेखात लाज वाटावी अशी एकच जागा असेल तर ती ही.

अकोल्याच्या कचेरीत एका कारकुनानं गठ्ठा हातात तोलून पाहिला. "वजनदार आहे," तो खूश होऊन म्हणाला आणि लाल फडक्यातल्या कागदांच्या राशीवर ठेवून दिला. कचेरीत कागद फडक्यांत बांधून ठेवतात, त्यांना रुमाल म्हणतात. असे रुमाल छतापर्यंत गेले होते. पावती मिळाली नाही. साहेब केव्हा येतील विचारलं, तर म्हणाला, "येतील तेव्हा कळेल."

शेटजींना मी परतल्या परतल्या सगळं सांगितलं. आरडाओरडा करतील वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "अंबादास, लोकं आपल्यापाशी चांदी नाही ठेवत रे. आपुन पाहत नाही, म्हणून ठेवतात." मग बराच वेळ सुपारी कातरत बसले, खाल्ली मात्र नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी माणसं आली. ओटा भरला. गाठी पाहणं चाललं, "बरोबर हाये, बरोबर हाये." गिरजाबाई ऊन उतरल्यावर आली. पुंजाजी बाहेर बैलांना पाणी पाजत होता. तिनं आतल्या खोलीत गाठोडं मांडीवर घेतलं, गाठीवरून बोट फिरवलं, आणि बोट मध्येच थांबलं.

"कोणी हात लावला जी याले?"

"कोणी नाही, गिरजाबाई."

"मी डावरी हावो, मुनीमजी. माह्या गाठीचं शेपूट इकडे येते. हे उजव्या हातानं मारेल गाठ हाये."

मी तिला दर पाडव्याला पाहत होतो आणि ती डावखुरी आहे हे मला ठाऊक नव्हतं. गावं ओळखणारा मोठा! माझी मान खाली गेली.

"किती जणांले ठावं हाये?" तिनं विचारलं. आवाज मुद्दाम लहान केला होता, बाहेर दीर होता ना.

"मले एकट्याले. अन् शेटजीले."

"कागदावर काय लिवलं?"

मी सांगितलं. गोठ, बांगड्या, सरी, तोडे, कंबरपट्टा. ऐकता ऐकता तिला हसू आलं. "बाप्पा! एवढं तं माह्या लग्नातई नोतं." आणि मग ते हसू तिथंच विझलं. "अन् साहेब पाहाले आला त?"

मी कानावरची लेखणी काढून पुन्हा खोचली.

"तुमी लेखणीनं गोट्याची चांदी केली, मुनीमजी. साहेबापुढं ते कोण करन?"

मी म्हणालो, मी कोणालाही सांगणार नाही, देवाची शपथ. ती म्हणाली, "तुमी सांगान असं मी म्हणून नाही राहिली. तुमी चांगले हा. पण काल मले एकटीले ठावं होतं, तवा मले झोप येत होती." तिनं गाठ सोडली, आत न पाहता पुन्हा डाव्या हातानं करकचून मारली, गाठोडं आपल्या जागी ठेवलं आणि बाहेर जाऊन दिराला मोठ्यानं म्हणाली, "चाला भाऊजी, सारं बरोबर हाये."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. कुठं साहेबांचा तंबू पडला म्हटलं की मी आतल्या खोलीची कडी पाहून यायचो. मग मृगाच्या आत बातमी आली की गिरजाबाईनं वावर पुंजाजीला विकलं. ती हिशेबानं वागली होती. साहेब येऊन गाठोडं उघडायच्या आत, गाठोड्याचा दबदबा होता तोवर, तिनं मान ताठ ठेवून विकलं आणि वाजवी भाव घेतला. दोन दिवस उशीर झाला असता तर पुंजाजीनं फुकट बळकावलं असतं, असं तिला वाटत होतं. मग ती भावाच्या गावी हिवरखेडला निघून गेली. गाठोडं न्यायला आली नाही. कशाला येईल?

साहेब मात्र आले नाहीत. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. अमेरिकेतली लढाई मिटली, कापूस धाडकन आपटला, भरभराटीच्या रिपोर्टात कोणाला रस उरला नाही. पुंजाजीनं वावरापायी हातउसने केले होते, तो पार बुडाला. लोक म्हणायला लागले, गिरजाबाई नशिबाची, बरोबर वेळेवर विकलं. मीही काही दिवस तसंच म्हणून पाहिलं. झोप लागली नाही.

सात-आठ वर्षं गेली. रुळांवरून गाडी धावायला लागली होती, गोपाळशेट वारले होते, आणि मुन्शींना अकोल्याच्या कचेरीत जुने कागद सांभाळायची नोकरी लागली होती. एका साक्षीसाठी मी तिथं गेलो तर मुन्शी दप्तरखान्यात उकिडवे बसलेले. वाळवी लागली म्हणून जुने रुमाल जाळायला काढले होते. मला पाहताच म्हणाले, "अच्छे वक़्त पर आए. ज़रा देखिए तो, ये गिरह किसकी है?"

ढिगाच्या वर माझा गठ्ठा होता. तेच पांढरं फडकं, आता पिवळं पडलेलं. त्यावर माझी वलगावची गाठ, मी मारली होती तशीच. कोणी सोडली नव्हती. नुसता तोलला होता.

मुन्शींनी पाणी दिलं. सगळी हकीकत त्यांना पहिल्यांदाच सांगितली, गोटे सोडून. ऐकून बिचारे दाढी कुरवाळत राहिले. "मैंने ग़लत कहा था, मुनीमजी," ते म्हणाले. "पहली सतर भी नहीं पढ़ते." मग इकडंतिकडं पाहून त्यांनी गठ्ठा माझ्या धोतराच्या सोग्याखाली सरकवला. जाळायच्यातला एक कमी झाला म्हणून सरकार काही बुडत नव्हतं.

मी अमरावतीला परतलो, आतल्या खोलीतून गिरजाबाईचं गाठोडं काढलं आणि दोन्ही घेऊन निघालो. स्टेशनवर एकानं विचारलं, "काय हो, एवढं जड काय हाये?" मी म्हणालो, "गोटे." तो डोळा मारून म्हणाला, "सांगू नका, बावा, आमी कायले इचारू!" जन्मात एकदा जिनसेचं वर्णन खरं सांगितलं, तर ते कोणाला पटलं नाही.

हिवरखेडात गिरजाबाई भावाच्या घराच्या ओसरीवर सरकी निवडत होती. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. मला ओळखलं, पण उठली नाही. "मुनीमजी, साहेब आला का मंग?" तिनं पहिलं विचारलं ते हेच. इतक्या वर्षांनी!

मी दोन्ही गाठोडी ओसरीवर शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणालो, "हा तो कागद, गिरजाबाई. यात तुमचा कंबरपट्टा आहे. ही माझी गाठ. कोणी सोडली नाही."

ती आधी माझ्याकडे पाहत राहिली, मग फडक्याकडे. तिनं फडकं हातात घेऊन तोललं, अगदी त्या कारकुनासारखं, आणि एकदम खदखदून हसली. डोळ्यांत पाणी येईतो हसली.

"म्हंजे मुनीमजी, तुमच्याई गाठोड्यात गोटेच होते!"

मीही हसलो. हसता हसता मला रडू कोसळलं, ते मी लपवलं नाही. "लोक म्हणतात तुमचं नशीब चांगलं," मी म्हणालो.

"मले वावर पायजे होतं जी," ती म्हणाली. "नशीब घेऊन काय करू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी हात जोडले, चुकलो म्हणालो. हे वाक्य त्या पाडव्याला माझ्याकडून म्हणायचं राहून गेलं होतं. तिनं आपलं गाठोडं मांडीवर ओढलं, डाव्या हाताचं बोट गाठीवरून फिरवलं, गाठोडं वळवलं, पुन्हा फिरवलं. शेपूट कुठं येतं ते पाहिलं.

"बरोबर हाये," ती म्हणाली.

संपादक महाशय, चाळीस वर्षं मी कचेरीला वेळेत जाब दिले आणि ते कोणी पाहिले नाहीत. गिरजाबाईला एक सात-आठ वर्षं उशिरा दिला, आणि तो चहूबाजूंनी पाहिला गेला.